काजळीचा पान्हा

रोज सकाळी सहाला म्हातारा डावा हात पुढे करी आणि लेक त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढी. दवाखान्यात रक्ताचे नमुने घेणं हेच तिचं काम. दिवसभर परक्यांची बोटं टोचून तिचा हात सरावला होता, पण बापाच्या बोटावर ती अजूनही आधी फुंकर घाली.

"साखर किती?"

"एकशे अठ्ठ्याहत्तर. काल एकशे एक्याऐंशी होती. बघा, उतरतेय. दुधाचा गुण आहे."

"तीनानं उतरली त्याचा कसला गुण? तेवढी तर जिना उतरलं तरी उतरेल."

"चौथ्या मजल्यावरून तुम्ही जिना उतरता कधी?"

म्हाताऱ्यानं गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी घेतलं आणि मग लेकीनं पुढे केलेला अर्धा पेला हातात धरला. पेल्यात उंटिणीचं दूध होतं. निळ्या झाकणाची बाटली, वर उंटाचं चित्र, आणि चित्राखाली बारीक अक्षरांत गुणांची लांबलचक यादी: मधुमेहावर उपयुक्त, पचनास हलकं, त्वचेला उत्तम, अशक्तपणावर रामबाण. म्हातारा ती यादी बोट लावून वाची. एकदा म्हणाला होता, "एवढे गुण तर लग्नाच्या वेळी तुझ्या नवऱ्याचेही कुणी सांगितले नव्हते."

लेकीची मात्र श्रद्धा होती. दवाखान्यात येणारे लोक सांगत. कुणाच्या नातवाला गाईचं दूध सोसत नव्हतं, त्याला हे सोसलं. कुणाची साखर ताळ्यावर आली. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "द्या की. दूध चांगलंच आहे. थोड्या लोकांवर पाहिलंय, त्यातल्या काहींची साखर जराशी आटोक्यात आली म्हणतात. पण ते दूध आहे, औषध नाही. गोळी बंद केलीत तर माझ्याकडे येऊ नका." लेकीनं यातलं पहिलं निम्मं मनावर घेतलं होतं.

"पन्नास वर्षं हेच प्यालो, चरव्याच्या चरव्या," म्हातारा म्हणे. "तरी साखर व्हायची ती झालीच."

"पिणं सुटल्यावर झाली."

"पिणं सुटलं तेव्हा चालणं पण सुटलं. ऊन सुटलं. तुझी आई सुटली. कशाकशाची बाटली आणशील, पोरी?"

लेक पेला धुवायला नेई. एकदा तिनं त्या दुधाचं दही लावायला घेतलं. रात्रभर उबेत ठेवलं, सकाळी पाहते तर पाण्यासारखं पातळ. म्हातारा पोट धरून हसला. "अगं, सात पिढ्यांना जमलं नाही ते. उंटिणीच्या दुधाचं धड दही लागत नाही, ना सहज लोणी निघत. हट्टी जनावर, हट्टी दूध."

म्हातारा दूध पीत होता ते साखरेसाठी नव्हे, हे लेकीला ठाऊक नव्हतं. पहिला घोट तो गिळत नसे. जिभेच्या मागच्या अंगाला धरून ठेवी, डोळे मिटी, आणि शोधी.

तो शोधत होता काजळीला.

काजळी त्याची उंटीण. डोळ्यांच्या कडा अशा काळ्याभोर, की जणू कुणी बोटानं काजळ ओढलंय. त्याच्याकडे नऊ जनावरं होती, पण नवांत ती एक निराळी. बाकीची मिळेल ते खात. ही मात्र दोन टेकड्या ओलांडून खारट झुडपांपाशी जाई आणि तीच ओरबाडी. म्हणून तिचं दूध जिभेच्या मुळाशी किंचित खारट लागे. घरात चरव्या सरमिसळ झाल्या तरी काजळीची चरवी म्हातारा एका घोटात ओळखी.

आणि काजळीला पान्हा फुटे तो एकाच आवाजावर. उंटिणीचं दूध गाईसारखं वाट बघत बसत नाही. आधी पिल्लू सडाला लागावं लागतं, जनावर आत कुठेतरी विरघळावं लागतं, मग पान्हा उतरतो, आणि तोही दीड-दोन मिनिटांपुरता. तेवढ्यात धार काढली तर काढली, नाहीतर ती दूध वर चढवते, मग देवाच्या बापालाही सोडत नाही. म्हणून प्रत्येक उंटवाल्याचा आपला एक आवाज असे. कुणी जिभेनं टकटक करी, कुणी शीळ घाली. यांच्या घरचा आवाज कारभारणीनं बांधलेला होता. मिटल्या ओठांनी तीन लांब हुंकार, चौथा मध्येच तुटलेला, आणि मग सूर हळूच खाली छातीत उतरायचा. चाळीस वर्षं पहाटे आणि संध्याकाळी म्हाताऱ्यानं तो ऐकला. स्वतः कधी काढला नाही. बायकोचं काम बायकोनं करावं, आपण पिल्लू धरावं.

कारभारीण गेली, त्यानंतर दोन दिवस काजळीनं थेंबभर दूध दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारा तिच्या कासेशी उभा राहिला, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि बायकोचा हुंकार आपल्या घोगऱ्या गळ्यातून काढून पाहिला. काजळीनं मान वळवली, त्याच्याकडे बघितलं आणि पान्हा सोडला. धार काढता काढता म्हातारा ढसाढसा रडला. बायकोच्या मयतालाही तो इतका रडला नव्हता.

वर्षभरानं कंबरेचं हाड मोडलं आणि जनावरं विकावी लागली. पट्टीच्या उंटवाल्यांचा एक नियम असतो: उंटीण विकली की दोरीबरोबर आवाजही द्यायचा. घेणाऱ्याला कासेशी उभं करायचं आणि त्याच्या गळ्यात तो आवाज बसेपर्यंत शिकवायचं. त्याशिवाय सौदा पुरा होत नाही. मोठ्या डेअरीचा माणूस नऊ जनावरं न्यायला आला, तेव्हा त्यानं काजळीची दोरी हातात घेऊन रीतसर विचारलं, "हिचा आवाज?"

म्हातारा म्हणाला, "हिला आवाज लागत नाही."

बस्स. चार शब्द. कुबडीवर रेलून, दुसरीकडे बघत. जनावर द्यायला तो तयार होता, पण कारभारणीचं जगात उरलेलं तेवढंच एक त्याला परक्याच्या तोंडी घालवेना. काजळीचं सहा महिन्यांचं पिल्लू आईच्या मागे मागे गाडीत चढलं. सतत आईच्या मागेच, म्हणून त्याला म्हातारा शेपटी म्हणे. शेपटीच्या डाव्या पापणीवर पांढऱ्या केसांचा एक झुबका होता. गाडीची फळी लागली, त्याला आता पाच वर्षं झाली.

म्हणून तो रोज घोट धरून बसे. त्या डेअरीचंच हे दूध. यात काजळीचा खारटपणा सापडला, तर याचा अर्थ कुणीतरी तिला बोलतं केलं असेल, तिनं पान्हा सोडला असेल, आपला खोटेपणा तिला बाधला नसेल. नाही सापडला, तर मग पुढचं तो मनात आणत नसे.

आणि एका गुरुवारी तो सापडला.

"अगं ए!" म्हातारा पेला घेऊन उभाच राहिला. "ही तीच! हे बघ, चाख. मागे, जिभेच्या मागे."

लेकीनं चाखलं. "खारट आहे जरा. नासलंय का?"

"नासलं तुझं डोकं! काजळी आहे ही. काजळीच आहे."

"बाबा, बाटलीत उंटीण ओळखू येते होय?"

"तुला बाटलीतल्या रक्तात साखर दिसते, ती मला दिसते का? ज्याचं त्याला कळतं. रविवारी तुला सुट्टी. घेऊन चल."

लेकीनं कंबर, जिना, चार तासांची बस, सगळी कारणं पुढे केली. म्हातारा ऐकून घेत होता आणि कोपऱ्यातली काठी पुसत होता. रविवारी पहाटे तो चौथ्या मजल्यावरून एकेक पायरी मोजत खाली उतरला. वाटेत एकदाही बसला नाही.

डेअरी एका लांबच्या गावाबाहेर मोकळ्या माळावर होती. पुढे विक्रीची खिडकी, तिच्यासमोर रांग. एक आई कडेवरचं पोर घेऊन उभी, एक गृहस्थ पोटावर हात फिरवत उभा, आणि सगळे एकमेकांना दुधाचे गुण सांगत होते. "माझ्या मेव्हण्याचा काविळीनंतरचा अशक्तपणा महिन्यात गेला," गृहस्थ म्हणाला. "तुम्ही कशासाठी घेता, आजोबा?"

"मी घ्यायला नाही आलो," म्हातारा म्हणाला. "भेटायला आलोय."

आत जायला परवानगी लागत होती. लेकीनं दवाखान्याचं ओळखपत्र दाखवलं, वडील जुने उंटवाले आहेत म्हणून सांगितलं. मग दोघांच्या डोक्यावर कागदी टोप्या आणि पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवून त्यांना आत सोडलं. म्हाताऱ्यानं पायांकडे पाहिलं. "पन्नास वर्षं उंटांना पाय दिसले. आता भाजी दिसेल."

आत पत्र्याच्या लांब छपराखाली चाळीसेक उंटिणी. प्रत्येकीच्या कानाला आकडा. म्हातारा काठी टेकत एकीकडून दुसरीकडे गेला, मग परत आला. प्रत्येकीच्या डोळ्यांत डोकावला. काळी कड कुठे दिसेना.

धार काढणारी बाई कोपऱ्यात भांडी विसळत होती. पन्नाशीची, दंडाला पीळ असलेली. सगळे तिला मावशी म्हणत, तिच्याहून थोरली माणसंसुद्धा.

"कुणाला शोधताय, आजोबा?"

"काजळी. काळ्या कडांची. पाच वर्षांपूर्वी नवांच्या लॉटात आली होती. तिचं दूध मी गुरुवारी प्यालो. खारट होतं."

मावशीनं हात पुसले. "गुरुवारचं होय? मंगळवारी मालकानं सगळ्यांना चाटायला मिठाच्या विटा टांगल्या. चाळीस जणींचं दूध एका टाकीत जातं, आजोबा. तापवतात, गार करतात, मग बाटली. त्यात कुणा एकीचं काय उरणार?"

म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"पण ती काळ्या कडांची आठवते मला," मावशी म्हणाली. "विसरेन कशी? मी तेव्हा नवीनच लागले होते. तिनं पान्हा सोडलाच नाही. मी टकटक केलं, शीळ घातली, गाणी म्हटली, पाया पडायची तेवढी राहिले. तीन आठवड्यांत आटली. उभी राहायची फाटकाकडे तोंड करून. शेवटी मालकानं ओझ्याच्या गाडीसाठी विकली. पुढे दोनदा हात बदलले म्हणे. मग कळलं नाही." तिनं भांडं पालथं घातलं. "जनावराचा दोष नाही. तिच्या धन्यानं आवाजच दिला नाही. म्हणाला म्हणे, हिला आवाज लागत नाही. असल्या माणसाच्या तोंडात माती पडो!"

"साखर पडलीय," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"त्याच्या तोंडात. रक्तात पण. रोज सकाळी मोजतात." तो लेकीकडे न बघता बोलत होता. "मीच तो. आवाज होता. मी दिला नाही."

मावशीनं त्याला नखशिखांत न्याहाळलं, टोपीपासून पिशव्यांपर्यंत. शिव्या तिच्या तोंडापर्यंत आलेल्या दिसत होत्या. पण ती वळली आणि म्हणाली, "या इकडे."

पत्र्याच्या आडोशामागच्या वेगळ्या खणात एक तरणी उंटीण उभी होती. कानाला एकतीस नंबर. पायांत बारा दिवसांचं पिल्लू, लटपटतं, दुधासाठी ढुशा देणारं.

"तिचीच पोर. आई गेली तेव्हा मी हिला बाटलीनं वाढवलं. पहिलं वेत आहे. पिल्लापुरतं देते, माझा हात लागला की वर चढवते. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, मशीन लावून पाहिलं. मालक म्हणतो, महिनाअखेरीपर्यंत बघू, नाहीतर आईच्या वाटेनं."

उंटिणीनं मान खाली आणली. डाव्या पापणीवर पांढरा झुबका होता.

"शेपटे," म्हातारा म्हणाला.

तिनं नुसतं फुर्र केलं. ओळख-बिळख काही नाही. तिच्या लेखी तो कागदी टोपीतला आणखी एक माणूस. पण म्हाताऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. सहा महिने, सकाळ-संध्याकाळ, तो काजळीच्या एका अंगाला हुंकारत उभा असे तेव्हा दुसऱ्या अंगाला सड तोंडात धरून हीच उभी असे. दूध आणि तो आवाज, दोन्ही हिच्या पोटात बरोबरच गेलेलं.

त्यानं टोपी काढून खिशात कोंबली. मावशीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिनं पिल्लाला एका अंगाला लावलं. म्हातारा दुसऱ्या अंगाला टेकला, डोळे मिटले आणि ओठ आवळले.

पहिल्यांदा नुसती खरखर आली. पाच वर्षांत त्यानं तो सूर मोठ्यानं काढलाच नव्हता. मनात काढायचा, गादीवर पडल्या पडल्या. त्याला खोकला लागला. लेकीनं पुढे होऊन त्याचं कोपर धरलं. दुसऱ्यांदा तीन लांब हुंकार आले, चौथा तुटला आणि सूर खाली छातीत उतरला.

लेकीचा हात कोपरावर घट्ट झाला. "बाबा," ती पुटपुटली, "हे तर आईचं." तिला सहाव्या वर्षीच शिकायला आत्याकडे ठेवलं होतं. कासेशी ती कधी उभी राहिली नाही. पण सुट्टीत घरी आली की पहाटे अंथरुणात हा आवाज भिंतीपलीकडून येई.

उंटिणीचे कान मागे फिरले. तिनं रवंथ थांबवलं. म्हाताऱ्यानं पुन्हा सुरुवात केली, आणि मावशीनं बघितलं, की सड भरून आलेत आणि एक पांढरा थेंब आपसूक जमिनीवर पडलाय.

"आई शपथ!" म्हणत ती एका पायावर उभी राहिली, दुसऱ्या पायाचं पाऊल गुडघ्यावर टेकवलं, मांडीवर चरवी ठेवली आणि दोन्ही हातांनी तुटून पडली. धारांचा आवाज आधी भांड्याच्या पत्र्यावर वाजला, मग दुधावर, मग फेसात मुका झाला. दीड मिनिट. मग उंटिणीनं पाय झाडला. संपलं.

मावशीनं चरवी म्हाताऱ्यासमोर धरली. वर चार बोटं फेस. "घ्या. पहिला मान तुमचा."

"कच्चं नको हं, बाबा," लेक लगबगीनं म्हणाली. "कच्च्यातून ताप येतो. मी रोज घेते तसल्या तापाचे नमुने."

"एवढे गुण बाटलीवर लिहिले, हे नाही लिहिलं," म्हातारा म्हणाला. पण प्याला नाही. नुसता चरवीवर वाकला आणि वास घेतला. बराच वेळ घेतला. फेस नाकाला लागला तरी सरळ झाला नाही.

मग तो पालथ्या बादलीवर बसला आणि मावशीला म्हणाला, "बस. शीक."

"आत्ता?"

"पाच वर्षं उशीर झालाय. आणखी किती करू?"

दुपारभर शिकवणी चालली. म्हातारा कडक गुरू निघाला. "ओठ मिटलेले, दात उघडे. नाकातून नको, सर्दी झाल्यागत वाटतं. चौथा तोड. तोड म्हणजे तोड, लोंबकळत ठेवू नको." मावशी म्हणाली, "सासूनं एवढं नाही छळलं." पण तिनं सोडलं नाही. भांडी घासता घासता म्हटलं, चारा टाकता टाकता म्हटलं. चाऱ्याची गाडी ढकलणारे दोघे हसायला लागले, तर तिनं त्यांच्यावर घमेलं उगारलं. मध्येच तिनं विचारलं, "कुणी बांधली ही चाल?"

"कारभारणीनं."

"म्हणून दिली नव्हती?"

म्हाताऱ्यानं काठीच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढली आणि पायानं पुसली. "मला वाटलं, दिली की ती गेलीच."

मावशीनं पुन्हा पहिल्या हुंकारापासून सुरुवात केली.

पाचची बस होती. साडेचारला संध्याकाळच्या धारेची घंटा झाली तसा म्हातारा उठला. "मी समोर असलो तर ती माझ्याकडे बघेल," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघायला शिकली पाहिजे." त्यानं शेपटीच्या मानेवर एकदा तळहात ठेवला, काढला आणि मागे न बघता निघाला.

फाटकापाशी लेक पायांतल्या पिशव्या काढायला वाकली होती, आणि छपराखालून तो आवाज आला. एक हुंकार. दुसरा. तिसरा, जरा थरथरता. चौथा तुटला. आणि सूर खाली उतरण्याआधी क्षणभर वर उचलला गेला, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय अडावा तसा, आणि मग उतरला.

म्हातारा थांबला. ते उचलणं कारभारणीचं, त्यानं ते शिकवलं नव्हतं. त्याच्या घोगऱ्या गळ्याला ते कधी जमलंच नव्हतं. त्याच्या मनातून ते केव्हा गळून पडलं, तेही त्याला कळलं नव्हतं. सूर बाईच्या गळ्यात गेला आणि आपली वाट आपण शोधून आला. सहा वर्षांनी.

लेक पिशवी हातात धरून तशीच वाकलेली राहिली होती. रस्त्यावर बसचा भोंगा वाजला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "बस आली."

"थांब," म्हातारा फाटकाच्या गजाला धरून म्हणाला. "धार संपू दे. दीड मिनिटाची तर गोष्ट."